उत्तरेची भिंत

जुना जालना,
१२ डिसेंबर १९५८

मुंबईच्या मशीनवाल्या साहेबांना,

आमच्या घड्याळाच्या दुकानात रेडियमच्या रंगाची बाटली फुटली म्हणून तुम्ही आल्ते. तुम्ही सांगितलं तसं बराबर केलं. भिंतींचा चुना विटेपर्यंत खरवडला, फरशी तीनदा ओल्या फडक्यानं पुसली आणि सगळा मलबा डब्यांत भरून तुमच्या माणसांच्या हवाली केला.

पण उत्तरेच्या भिंतीत काहीच नव्हतं, साहेब. मी चहा घेऊन आले तेव्हा तुमची रेडियम हुडकणारी मशीन जोरात टकटकली. "ही भिंत सगळ्यांत वाईट," म्हणून तुम्ही तिच्यावर खडूनं फुली मारली. भिंतीपुढं मी उभी होते.

घड्याळांचे आकडे रेडियमनं कोण रंगवतं, असं तुम्ही विचारलं. आमचे हे म्हणाले, "मीच." ह्यांचा हात सात वर्षांपासून कापतो. रंगवत मी होते, कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करत. बाईच्या हातचं काम म्हटलं असतं तर गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

भिंत खरवडता येते. माणसाचं काय करतात, ते तुम्ही सांगितलं न्हाई आणि मीही विचारलं न्हाई. माघात आमच्या लेकीचं, शरयूचं लग्न आहे. ही गोष्ट फुटली तर सोयरे मागं फिरतील, म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

माझं राहू द्या. पण दोन वर्षं माझ्याजवळ बसून शरयूनंही तोच कुंचला ओठांत धरलाय.

भिंतीपुढं उभी होती ती,
उमा