बैठकीच्या खोलीतला फितूर

ड्रमकील, बुधवार, दूध काढून झाल्यावर

प्रिय फिलोमेनाताई,

धाकट्या मॅलकीचा, गुडघा वाकेल तेवढा, नमस्कार. तुझा दमा कसा आहे? भाऊजींच्या कानात यंत्र बसवलं असं कळलं. आता त्यांना तुझं सगळं बोलणं ऐकू येत असेल, त्याबद्दल माझी सहानुभूती कळव (आणि यंत्र बंद करायचं बटण कुठे असतं तेही त्यांनी शिकून घ्यावं). पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व क्षेम आहे' असं लिहायची आपल्या घरची रीत. आई गेल्याचं कळवलं त्या पत्रातसुद्धा मी आधी तेच लिहिलं होतं. पण आज हात धजत नाही. उभी असशील तर खाली बस, ताई. आपल्या डोनाखाने बिछाना हलवला.

तू म्हणशील, एवढ्या वाढलेल्या मुलाने आपला बिछाना हलवला तर बापाच्या पोटात का दुखावं? लीड्समध्ये राहून माणसाचं असं होतं. अगं, आपलं घर आठव! आजोबांनी मागचा हद्दीचा ओढा बुजवून त्यावर बैठकीची खोली बांधली, पण ओढा बुजला म्हणून दोन पॅरिशांची, चर्चच्या दोन गावकींची, हद्द थोडीच बुजते? ती आजही आपल्या बोळातून, दाराच्या उंबऱ्यावरून जाते. स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, गोठा, म्हणजे जे जे म्हणून इभ्रतीचं आहे ते ड्रमकीलमध्ये, आणि बैठकीची खोली तेवढी किलबॅरनमध्ये. तिथे फादर कॉनकनन, डॉक्टर आणि मयत यांच्याखेरीज कुणी टेकतच नाही, म्हणून कधी अडलं नाही. आईचे शेवटचे महिने त्या खोलीत गेले, आणि आपण किलबॅरनमध्ये आहोत हे तिला कुणी कळू दिलं नाही. आता आपल्या या काठी-चेंडूच्या वेडाचा, हर्लिंगच्या क्लबांचा, नियम तुला पाठ आहेच. माणूस जेवतो कुठे, भांडतो कुठे हे कुणी विचारत नाही. झोपतो कुठे एवढंच बघतात, आणि जिथे झोपतो त्या पॅरिशच्या क्लबाकडून खेळतो.

धक्का बसला ना? मला दोन बसले. पहिला असा की ती गादी मी स्वतःच्या हाताने ढकलली आहे. ईस्टरच्या सुमाराला एका सकाळी बोळात धडपड ऐकू आली. मला वाटलं गाय आत शिरली (पूर्वी एकदा शिरली होती, फादर चहा पीत असताना). जाऊन बघतो तर गादी बोळाच्या वळणावर अडकलेली आणि तिच्यामागे डोनाखाचे पाय. 'मागच्या खोलीला ओल आलीय, बाबा,' गादी बोलली. ओल आहेच. ती आपल्या वडिलांच्या वेळेपासून आहे. पोराला संधिवात नको म्हणून मी खांदा लावला, जोर केला आणि आपला सख्खा मुलगा शत्रूच्या हद्दीत लोटून दिला. वर 'दार लावून झोप, वारा लागेल' असंही म्हणालो.

दुसरा धक्का परवाचा. दारात क्लबांच्या जिल्हा समितीची दोन माणसं आणि त्यांच्याबरोबर किलबॅरनचा अध्यक्ष पॅकी मॅकनिफ, कोट घातलेला, हातात बिस्किटांचा डबा. हा माणूस आपल्या उंबऱ्याशी शेवटचा कधी आला होता ते मला आठवत नाही. मी समजलो कुणीतरी गेलं. तर म्हणे, 'तुमच्या मुलाच्या पलंगाची पाहणी करायची आहे.' समितीला जमिनीवरची गादी चालत नाही, नीट पलंग लागतो. पलंग आहे ना! आईचा पितळी पलंग तिथेच होता. त्यांनी गादी दाबून पाहिली, उशीवरचे केस पाहिले, खालचे मोजेसुद्धा पाहिले. मी त्यांच्यामागून आत जाऊ लागलो, तर पॅकीने दारातच हात आडवा केला. 'तू बाहेरच थांब, मॅलकी. इथून आमचं सुरू होतं.' माझ्या घरात! माझ्या आईच्या पलंगासमोर! मी बोळातूनच मान लांब करून पाहत राहिलो. डिम्फ्नाने चहा केला, तर पॅकी स्वयंपाकघरात यायलाही तयार होईना, म्हणून ही माझी बायको कपबश्या घेऊन त्याच्याकडे गेली. आणि ताई, माझ्या बायकोने ते बिस्कीट खाल्लं. दोन खाल्ली.

तर रविवारी उपांत्य सामना आहे, ड्रमकील आणि किलबॅरनचा. एकीकडे मी, ड्रमकीलच्या निवड समितीत, आणि दुसरीकडे हातात हर्लिंगची काठी घेतलेला माझा मुलगा. मी डोनाखाला समोर उभं केलं (उंबऱ्याच्या अलीकडे, म्हणजे ड्रमकीलमध्ये) आणि विचारलं की हे काय चालवलंयस. तो शांतपणे म्हणाला, 'बाबा, मला खेळायचंय. कुणासाठी ते नंतर बघू.' कुणासाठी ते नंतर! आता तूच सांग, मी त्याला दोन हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं ते काय हौस म्हणून? पूर्वीच्या एका निवडकर्त्याने गवताच्या गंजीवरही नेम न लागणारा मुलगा संघात घुसवला होता. त्याबद्दल लोक अजून दुकानात बोलतात. मी ठरवलं, मॅलकी टार्पीबद्दल असं कुणी बोलायचं नाही. मुलगा जितका चांगला खेळू लागला तितका मी कडक झालो, आणि लोक मला मान देऊ लागले. डिम्फ्नाला हे समजावून सांगितलं तर ती कढईतली सॉसेज उलटत म्हणाली, 'हो ना, मान तुला मिळाला आणि पावसात भिजला तो. त्या बाकाला पॉलिश झालंय त्याच्या बसण्याने.' मी म्हटलं, परक्या पॅरिशच्या माणसाला तू न्याहारी वाढतेयस याचं भान ठेव. ती म्हणाली, 'तुझ्या संघात जागा देत नाहीस, माझ्या टेबलाला तरी बसू दे. आणि आवाज खाली घे, त्याला झोप हवी आहे.' जिला मी आपल्या क्लबाच्या नाचात भेटलो ती ही बाई.

गावात माझी काय दशा झाली असेल ते तूच ताड. आमचा अध्यक्ष रस्त्यात माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलला, आणि तेही थोडक्यात. फादर कॉनकननना विचारलं, की दुसऱ्या पॅरिशमध्ये झोपणाऱ्या मुलाचं पाप कोणाच्या खात्यावर? ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. धर्माचंही आता काही खरं नाही. असो. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा हतबुद्ध भाऊ,
मॅलकी

ता. क. आता मुद्द्याचं. आईच्या मृत्युपत्रात पितळी पलंग तुझ्या नावावर आहे. तू तो इतकी वर्षं नेला नाहीस हा तुझा मोठेपणा. पण आता शनिवारच्या आत फोन करून 'माझा पलंग मला ताबडतोब हवा' असं डिम्फ्नाला ठणकावून सांग. पलंग हलला की समितीच्या दृष्टीने पोरगा जमिनीवर, आणि जमिनीवरचा माणूस किलबॅरनकडून खेळू शकत नाही. लीड्सला पलंग कसा न्यायचा याची काळजी नको. तो मी गोठ्यात ठेवीन.

ता. क. दुसरा, सोमवारी. पत्र कोटाच्या खिशात राहिलं. मी टाकायला विसरलो असं नाही. शुक्रवारी दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आलो आणि दोन्ही वेळा पाऊस होता. कालचा सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या क्षणी चेंडू कडेला डोनाखाकडे आला, अंगावर आमची दोन धिप्पाड माणसं, समोर गोलाचे खांब इतके तिरके की मी तिथून कुणाला मारूच दिला नसता. त्याने वळून न बघता काठी फिरवली. चेंडू आडव्या दांडीवरून गेला. किलबॅरनला एक गुण, आणि सामना संपला. मैदानावर क्षणभर अगदी शांतता होती, आणि त्या शांततेत ड्रमकीलच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, 'माझा आहे तो! माझा मुलगा आहे!' कोण हा बेशरम म्हणून मी वळून पाहिलं, तर सगळे माझ्याकडेच बघत होते. निवड समितीचं जॅकेट त्यांनी तिथल्या तिथे काढून घेतलं. घरी शर्टावर आलो.

आज न्याहारीला डोनाखा समोर बसला होता, भुवईवर टाका. बराच वेळ पावाला लोणी लावत राहिला. मग म्हणाला, 'बाबा, काल ओरडलं ते तुम्हीच ना?' मी म्हटलं, छे, कुणीतरी किलबॅरनचा असेल. तो हसला आणि लोणी माझ्याकडे सरकवलं. डिम्फ्ना चुलीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते.

ता. क. तिसरा. तेव्हा पलंगाबद्दल फोन करू नकोस, केलास तर मी उचलणार नाही. पण तुझं विणकाम चालू असेल तर लाल-पांढऱ्या लोकरीची एक टोपी विणून पाठव, अंतिम सामन्याच्या आत. इथल्या दुकानात किलबॅरनच्या रंगाची लोकर मागितली तर चहाच्या वेळेपर्यंत चर्चमध्ये कळेल. पाकिटावर नाव डिम्फ्नाचं घाल, पोस्टमन आमच्या क्लबाचा आहे. टोपी जरा मोठी असू दे, कान-कपाळ झाकणारी. चेहरा लपेल. आवाजाचं काय करावं ते मात्र मला सुचत नाही.