मातोश्री ठकुबाईंना त्या गल्लीत परत धाडू नये

स्वस्ति! अष्टादशतलाधिवासी, त्रिवातानुकूलकाधिपती, वाहनतळस्थान-क्रमांक-दोनशेसात-संरक्षक, हमरिया फ्री झोनमधील रंगकारखान्याचे गुणवत्ता-निरीक्षक, मी गुणवंत भिकाजी तोरसकर, वय एकसष्ट, राहणार अजमान, स्थिरबुद्धीने व कोणाच्याही दडपणाविना (पत्नीचे नित्याचे दडपण वगळून) माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था लिहून ठेवतो.

कलम १. सदनिका, ठेवी व वाहन पत्नी सौ. दर्शना हिचे. येथे वादास अवकाश नाही.

कलम २. मातोश्री ठकुबाई, वय त्र्याऐंशी, माझ्या व्हिसावर येथे राहतात. मी गेलो की तो व्हिसाही गेला. माझे इंग्लंडस्थ कनिष्ठ बंधू परेश यांनी आमच्या बालपणीचे, इंग्लंडातल्या गिरणगल्लीतले घर विकत घेतले असून, मातोश्रींना तेथे नेण्यास ते टपलेले आहेत. मातोश्रींना तेथे कदापि धाडू नये. दर्शनाने त्यांना स्वतःच्या व्हिसावर घ्यावे.

कलम ३. परेश फोनवर गहिवरतात, "दादा, त्या गल्लीत कुणाच्या दाराला कुलूप नव्हतं रे!" होते. परसातल्या सामाईक संडासाला होते, आणि त्याची किल्ली आम्हांस वगळून सर्व घरांत होती. वडील गिरणीतून आले की टोपी काढून शेजाऱ्यांकडे किल्ली मागत. परेश तेव्हा बाबागाडीत होते. बाबागाडीतून केवळ आकाश दिसते.

कलम ४. सन १९७०. मी सहा वर्षांचा. तेथे जाऊन पंधरवडा झालेला. घोडागाडीवरचा भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात पायरी घासण्याचा पिवळट दगड देई. आईला वाटले, ही येथील बोहारीण. तिने लुगडे दिले, दगड घेतला आणि हीच येथील रांगोळी, असा सिद्धान्त करून पायरीवर गोपद्मे काढली. शेजारच्या हॉब्सनबाई बादली घेऊन आल्या व गुडघे टेकून पुसून गेल्या.

"बघ रे, किती मायेची बाई! आपली पायरी धुते," आई म्हणाली. तिने चहा नेऊन दिला. कप भरलेलाच आमच्या पायरीवर परत आला.

सात दिवस आई काढी, बाई पुसत. तोवर शाळेत मला चार इंग्रजी शब्द आले होते. आठव्या दिवशी मी आईला सांगितले, "आई, ती म्हणते, ही घाण आहे."

त्यानंतर अकरा वर्षे आई मागल्या दाराने ये-जा करीत होती. परेश यांस ही मागल्या दाराची ये-जा शेजाऱ्यांशी सौहार्द वाटते, आणि त्यांनी त्या पायरीवर आईच्या नावाचा पितळी फलक बसवला आहे.

कलम ५. आईस विचारले. ती म्हणाली, "तिथं? मेले तरी नाही. परेशला म्हणावं, तूच राहा." दर्शना म्हणते, "अहो, भाऊजींना लागेल असं लिहू नका." लागावे म्हणूनच लिहिले आहे.

कलम ६. तो दगड आईने जपला आहे. तो परेश यांस द्यावा. फलक घासण्यास उपयोगी पडेल.

साक्षीदार:
१. धनंजय पाध्ये, शेजारी (सही)
२. अर्चना केरकर, दर्शनाची सहकारी (सही, मजकूर वाचून हसल्या, तरी केली)

गुणवंत भिकाजी तोरसकर (सही)
अजमान, दि. ११ नोव्हेंबर २०२५

ता. क. व्हिसा माझ्या हयातीतच दर्शनाकडे वळावा, असा अर्ज केला आहे. परंतु आईचा फोटो तिसऱ्यांदा परत आला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरे केस दिसत नाहीत म्हणे. फोटोवाला म्हणतो, "यल्ला, अम्मा का बाल काला करो, खलास!" आई म्हणते, भिंत काळी करा. अर्ज तेथेच पडून आहे.