नळी मोकळी आहे

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. वहिनीकडून कळलं की तू हृदयाच्या गोळ्या बंद केल्यास. का, तर तपासणीत नळी मोकळी दिसली! अरे, जन्मभर लोकांचे नळ जोडलेस म्हणून हृदयही नळच वाटलं का तुला?

प्रयोगशाळेत मी रोज याच नसांच्या पातळ चकत्या कापून भिंगाखाली बघते. नस म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आत नाजूक अस्तर, मध्ये स्नायू, बाहेर वेष्टण. चरबी साचते ती अस्तराखाली, भिंतीतच. भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते, म्हणून आतली वाट मोकळी दिसते. मग एक दिवस अस्तर फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नस बंद. बाबा असेच बसल्या जागी गेले, तरी तुझे डोळे उघडत नाहीत!

पाकीट आणायला खाली गेले, तर वर येताना जिन्यात दोनदा टेकले. तेही तुझ्यापायीच.

लोभ असावा, पण आधी गोळी घ्यावी.
तुझी ठकू

९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

शिकवणी पोचली. तू मेलेल्यांच्या नसा बघतेस, मी अजून जिवंत आहे, एवढं ध्यानात ठेव. त्या गोळीने माझ्या पोटऱ्या भरून येतात. गोळी चालू होती तेव्हा एकदा शिडीवर पाय लटपटला, हातातला पाना सुटला, खाली गवंडी उभा होता. थोडक्यात वाचला बिचारा. पाय गेले तर काम गेलं, मग ते हृदय काय चाटायचंय? आणि वहिनीच्या चहाड्या ऐकणं सोड.

लोभ आहे, तो उपदेशाने पातळ करू नकोस.
दादा

१५ जून

ती. दादास,
नमस्कार, मनात नसताना.

पोटऱ्या दुखतात हे डॉक्टरांना सांगायला तोंडाला कुलूप लागलं होतं का? गोळी बदलून मिळते. दुखणं लपवायचं, औषध परस्पर बंद करायचं आणि वर मलाच शहाणपण शिकवायचं! तुझ्या दुकानातली एखादी जुनी रबरी नळी उभी काप. बाहेरून धड असते, पाणीही येत असतं, आणि आतलं अस्तर सुटलेलं असतं.

तुझ्या हट्टापायी माझं पित्त उसळलंय. जिना चढले की छातीत जळजळतं, टेकले की थांबतं. मला दुसरा भाऊ नाही रे. उगाच नाही चिडत.

लोभ तुटणार नाही, निदान माझ्याकडून.
ठकू

२१ जून

चि. ठकूस,
आशीर्वाद नंतर, आधी शिव्या.

नळी कापली. अस्तर हातातच आलं. डॉक्टरांना पोटऱ्यांचं सांगितलं, त्यांनी दुसरी गोळी दिली, ती घेतोय. झालं समाधान?

आता तू बोल. जिन्यात दोनदा टेकतेस, चढलं की जळजळ, टेकलं की थांबते, आणि म्हणे पित्त! बाबाही पित्तच म्हणायचे. ते तुझे कोणी लागत नव्हते का? साऱ्या जगाच्या नसा कापतेस आणि स्वतःची एक तपासणी नाही! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. डोकं फिरलंय माझं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या हातात देऊन दारातच उभा राहणार आहे. वहिनी खाली गाडीत बसली आहे. उत्तर लिहायला बसू नकोस. चपला घाल, आणि उतरताना माझा हात धर.

लोभ आहे, म्हणूनच आलोय.
दादा