अण्णांचं अस्तर

१४ जून

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. इकडे सगळे ठीक. धाकटीचा समोरचा दात पडलाय, त्यामुळे बाईसाहेब हसताना तोंडावर हात धरतात. अण्णांचं शिवणयंत्र मी माझ्या खोलीत ठेवलंय. तेल घातलं, चालतं. मला मात्र सरळ टीप मारता येत नाही.

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. तोंडाने जमेना, म्हणून लिहितोय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी अण्णांना समजावत होतो, आठवतं? पोटातली मुख्य धमनी जंतूंनी पोखरून फुगलीय, पोट उघडणं तुमच्या हृदयाला झेपणार नाही, म्हणून जांघेतून तार घालून आतून कापडाची नळी बसवू. अण्णा म्हणाले, "अस्तर लावणार म्हण की! पण डॉक्टर, न धुतलेल्या कापडाला मी कधी अस्तर लावलं नाही हो."

मी म्हणालो, शिरेतून औषध चाललंय तेच धुणं. पण सगळे जंतू जातील याची खात्री नाही, म्हणून गोळ्या जन्मभर. "मग फार नाही लागायच्या," म्हणून ते हसले आणि तू चिडलीस.

नळी झकास बसली. सात महिने अण्णा पुन्हा कॉलर कापत होते आणि मी भेटेल त्याला ते सांगत होतो.

ते गेल्यावर यंत्राच्या खणात, बटणांच्या डब्याखाली, तुला गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. "माझंच लक्ष नव्हतं," म्हणून तू रडलीस. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढंही जमलं नाही तुला?" मी तिथेच कप धरून उभा होतो. चहा पीत राहिलो.

ताई, त्या गोळ्या मी बंद करायला सांगितल्या होत्या.

अण्णांचा फोन आला तेव्हा माझ्या हातात हातमोजे होते, सिस्टरने फोन कानाला धरला. "जेवणावरची वासनाच उडालीय रे, सारखं मळमळतं." मी म्हणालो, "आठ दिवस बंद ठेवा, दुसरं औषध लिहून देतो. ताईला सांगू नका, उगाच घाबरेल." आणि विसरलो. साफ विसरलो. पाच आठवडे त्यांनी वाट पाहिली, आठवण करून दिली नाही. पोरगा कामात असेल, असंच त्यांना वाटलं असणार. सहाव्या आठवड्यात ताप आला आणि दोन दिवसांत ती धमनी फुटली.

स्ट्रेचरवर माझा हात धरून म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. तुझं नाव खराब होईल." एरवी त्यांचं एक न ऐकणारा मी, तेवढं मात्र वर्षभर ऐकलं. सोयीचं होतं ना.

आत्यालाही आजच सगळं लिहिलंय. तू माफ करावंस म्हणून हे पत्र नाही. रागव, बोलू नकोस, मी समजेन. फक्त ती पाकिटं अजून जपून ठेवली असशील तर मला पाठवून दे. ती माझ्याकडे असायला हवीत.

तुझं लक्ष होतं, ताई.

म्हणू देशील तर तुझाच,
धाकटा