कारण बदलून घे

अबू हलीफा, कुवेत

प्रिय विश्वास,

परवा फोनवर तू विचारलंस, सोमवारच्या सुनावणीला आता जाऊ की नको? मी फोनच ठेवून दिला. राग मानू नकोस. रियाज उद्या गावी निघालाय, त्याच्या हाती उत्तर पाठवतोय.

आधी तुझ्या आईचं. सुमनकाकीने जेवण टाकलंय म्हणे. तिला सांग, चूक तिची नाही. आमच्या बंद दारावर कोणी आलं की "सगळी कुवेतला" एवढंच सांगायचं, हे अम्मीनेच तिला किल्ली देताना पढवलं होतं. वर्गणीवाले, उसनं मागणारे, स्थळं घेऊन येणारे, सगळ्यांना एकच उत्तर. आपल्या आळीत किल्ली सांभाळणारी प्रत्येक बाई हेच सांगते. मतदार यादी तपासायला आलेल्या माणसालाही काकीने सवयीने तेच सांगितलं, आणि त्याने 'कायमचे स्थलांतरित' असं लिहून अम्मीचं नाव उडवलं. अम्मी तर इथे तुझ्या कुबरावहिनीच्या ऑपरेशनपुरती आली होती, परतीचं तिकीट काढूनच.

तू कळवलंस तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. आधी खूप हसली, म्हणाली, माझीच शिकवण माझ्यावर उलटली. मग तव्यावरची भाकरी करपली, तिला कळलंच नाही. तुला ठाऊक आहे, आमच्या घरात मत देणारी ती एकटीच. अब्बांची उमर इथे गेली, माझी शुऐबाच्या बंदरात चाललीय. इथून मत देता येत नाही, गावी जावं लागतं, आणि त्यासाठी रजा मागितली तर साहेब हसतो. अम्मी मात्र मतदानाच्या दिवशी शाळा उघडायच्या आधी दारात हजर. मत कोणाला दिलं ते तिने अब्बांनाही कधी सांगितलं नाही. ते फोनवर चिडायचे, ती बोटावरची शाई बघत बसायची. साऱ्या जन्मात तिचं एकटीचं असं तेवढंच होतं.

तू अर्ज केलास, तर कार्यालयाने सांगितलं, बाईला समोर आणा. तिने लगेच मला तिकीट अलीकडचं करायला लावलं. या खेपेला बॅगेत खजूर कमी आणि कागद जास्त. रोज विचारायची, "बदरू, मी जित्ती हाय, तरी माजा नाव कसा काडला?"

निघायच्या आदल्या दिवशी नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करताना कोसळली, ती उठलीच नाही. मैयत ताटकळत ठेवू नका, असं ती नेहमी बजावायची, म्हणून सुलैबिखातच्या कब्रस्तानात दफन केलं. शेजारी एकही ओळखीचं माणूस नाही. अब्बा गावच्या मशिदीमागे आणि ती इथल्या वाळूत, हे मला सोसत नाही रे.

म्हणून सोमवारी जा. नाव परत मागू नकोस, आता त्याचा उपयोग नाही. सोबत मृत्यूचा दाखला आहे, तो त्यांच्यापुढे ठेव आणि फक्त कारण बदलून घे. 'कायमचे स्थलांतरित' खोडून 'मयत' लिहायला लाव. नाही म्हणाले तर उठू नकोस. माझ्या आईने गाव सोडलं नव्हतं. ती मेली, एवढंच त्यांना लिहू दे.

तुझाच,
बदरू