पंधराला पंधरा बसतं

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा टायर विकणं आणि बसवणं, राहणार दुकानामागच्या खोलीत, हे मृत्युपत्र वकीलबाईंना सांगून लिहवून घेतो. माझी अक्कल शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे. मसुद्यात ‘राजीखुशीने’ असा शब्द होता, तो मी काढायला लावला, कारण खुशी नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट महिनाभर मीच सगळ्यांवर दबाव आणतो आहे आणि कोणी दबत नाही.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं मुलीला दिलं होतं आणि जावयानं दुकानाची पायरी चढू नये असंही घातलं होतं.

एक. दुकानामागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिची आई लवकर गेली. पोर याच दुकानात, टायरांच्या थप्पीवर बसून अभ्यास करत मोठी झाली. आज स्वतःची सात आसनी गाडी चालवते, डोंगरापलीकडच्या कारखान्यात माणसं नेते-आणते. मला तिचा फार अभिमान आहे. तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अट अशी, की माझ्या मरणाच्या दिवशी तिच्या गाडीला सध्याचे चार टायर असतील तर घर तिला मिळणार नाही. हे सांगून झाल्यावर वकीलबाईंनी चष्मा काढला आणि मला समजावलं, की मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. म्हणजे मी जगतो आहे तोवर ती त्याच टायरांवर फिरणार. पाय गेले असले तरी हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरीणबाईंनी आजच सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं. अट मागे घेतो. घर तिचंच आहे.

दोन. हे कलम मालमत्तेचं नाही, तरी काढू नये. तिच्या गाडीला लागतो तो टायर २०५/६५ आर १५, आणि पुढे ९४. २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा पासष्ट. १५ हा आतल्या रिमचा व्यास, इंचांत. शेवटचा ९४ हा वजनाचा आकडा. असा एक टायर सहाशे सत्तर किलो पेलतो. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी वाचत नाही.

जावई एका मालकाकडे ड्रायव्हर आहे. त्यानं मालकाच्या छोट्या गाडीचे काढलेले टायर आणून हिच्या गाडीला घातले. फुकट ते पौष्टिक. ते आहेत १८५/६५ आर १५, पुढे ८८. म्हणजे टायरमागे पाचशे साठ किलो. छोट्या गाडीला ते उत्तम आहेत, जवळजवळ नवे आहेत, त्यांच्यात खोट नाही. पण सात माणसं आणि त्यांच्या पिशव्या भरल्या की हिच्या मागच्या दोन चाकांवर बाराशे किलोच्या वर भार येतो, आणि ते दोघे मिळून पेलतात अकराशे वीस. रोज, चढावर, उन्हातान्हात. रबर आतल्या आत तापत जातं आणि एक दिवस बाजूची भिंत फाटते. त्या रस्त्याला एका बाजूला दरी आहे.

जावई म्हणतो, पंधराला पंधरा बसतं. बसतं, नाही कोण म्हणतं? धाकट्याचा सदरा थोरल्याच्या अंगात चढतो, पण वाकला की पाठीवर उसवतो. मग म्हणाला, हवा जरा जास्त मारू. जास्त हवेनं टायर ताठ दिसतो, त्याचा आकडा काही वाढत नाही. मी ओरडलो, उतरव ते. पण पालथ्या घड्यावर पाणी.

तीन. संध्याकाळी गाडी दारात आली की मी चाकाच्या खुर्चीतून वाकून मागच्या टायरवर पंजा ठेवतो. चांगल्या टायरवर हात ठेवून गप्पा मारता येतात. यावरचा हात लगेच उचलावा लागला. मी मुलीला हे सांगितलं, तर म्हणाली, ऊन होतं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती जे बोलली ते वकीलबाईंनी जसंच्या तसं लिहावं.

“तुम्हाला टायर खुपत नाहीत, बाबा. त्यानं आणलेलं काहीही खुपतं.”

मला जावई आवडत नाही हे जगजाहीर आहे. लग्नाच्या फोटोतही मी दुसरीकडे बघतो आहे. पण सासऱ्याचं जावयाशी पटत नाही हे त्या टायरांना कुठे ठाऊक!

योग्य मापाचे चार नवे टायर मी मागवून ठेवले. ते दुकानात भिंतीला टेकून उभे आहेत. ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, कारण ते घेतले तर नवऱ्याचा अपमान. मग एकदा पहाटे मी खुर्ची ढकलत गेलो आणि तिच्या चारही टायरांची हवा सोडली. माणसं खोळंबली, तिची फेरी बुडाली. ती ओरडली नाही, त्या दिवसापासून गाडी पलीकडच्या गल्लीत लावते. तिथवर माझी खुर्ची जात नाही, मध्ये पायऱ्या आहेत. मी हात टेकले आहेत. हे मृत्युपत्र त्यातूनच निघालं आहे.

चार. जॅक, पाने आणि हवा मोजायचं घड्याळ शेजारच्या पंक्चरवाल्याला. समोरच्या टायरवाल्याला काही नाही. तो माझ्याच हाताखाली शिकला, आणि त्यानंच ते टायर बसवून दिले. आकडा बघितला होतास का, असं विचारल्यावर म्हणाला, गिऱ्हाइकानं आणले, मी बसवले. त्याला वजनाच्या आकड्यांचा भिंतीवरचा तक्ता द्यावा आणि तो त्याच्या गल्ल्यासमोर ठोकावा.

पाच. दुकान, टायर चढवायचं मशीन, पाटी आणि गिऱ्हाइकं, सगळं माझ्या जावयाला.

जावईबापू, चूक वाचलेलं नाही तुम्ही. ज्या दुकानाची पायरी बंद केली होती ते तुमच्या नावावर करतो. भिंतीला टेकलेले ते चार नवे टायर आज तिच्या गाडीला चढवा, एवढंच मागणं आहे. तुमच्या निवडीला मी पुन्हा नावं ठेवणार नाही. पायांवर उभं राहता येत नाही, नाहीतर पाया पडलो असतो. हे लिहून घेताना वकीलबाई थांबल्या होत्या, मीच पुढे लिहा म्हणालो.

(कलम पाच खोडलं आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.)

सहा. कलम पाच का खोडलं ते. जावयाला दुपारी बोलावून घेतलं आणि वकीलबाईंनी कलम दोनपासून सगळं त्याला वाचून दाखवलं. त्यानं कलम दोन पुन्हा वाचायला लावलं. मग दुकानात जाऊन नव्या टायरवरचा आकडा बघून आला. आतापर्यंत मी त्याला उतरव ते, एवढंच ओरडत होतो. वजनाचा हिशेब त्यानं आज पहिल्यांदा ऐकला. चेहरा उतरला होता.

“दुकान नको मला,” तो म्हणाला. “आता मी टायर बदल म्हटलं तर ती म्हणेल, बाबांनी तुला विकत घेतलं. ते खोडा. माझ्यासमोर खोडा, मग जातो.”

मी खोडलं. त्यानं तिला फोन लावला. गाडी चालवताना ती उचलत नाही, ती शिस्त माझीच. मग त्यानं चारही नवे टायर, जॅक आणि पाने टेम्पोत घातले आणि कारखान्याबाहेर गाडीत माणसं भरायच्या आत तिला गाठतो म्हणून निघून गेला. दारातून वळून म्हणाला, बाबा, काही खाऊन घ्या. हा माणूस मला आधी का दिसला नाही, कोण जाणे.

दुकानही मुलीला. तिनं नवऱ्याला त्यात बसवावं ही माझी इच्छा आहे, अट नाही.

सात. कारखाना सुटून गेला. जावयाचा फोन लागत नाही, डोंगरात लागत नाहीच. मी खुर्ची दारात घेतली आहे आणि तिथूनच सांगतो आहे. वकीलबाई म्हणतात, एक कलम राहिलं, प्रत्येक मृत्युपत्रात ते घालावं लागतं. ते असल्याशिवाय कागद अर्धवट राहतो. त्यांनी त्याची सुरुवातही लिहिली आहे:

‘माझी मुलगी माझ्याआधी मरण पावल्यास माझी सर्व मालमत्ता’

यापुढे काही लिहायचं नाही. कागद अर्धवट राहिला तरी चालेल. तिच्याआधी मी जाणार आहे. दुसरा वारस मी नेमत नाही.

मृत्युपत्र करणार: (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा: बाजूच्या दुकानाचा शिंपी (सही)

स्थळ: दुकानाचं दार
दिनांक: आजचा. गाडी अजून आलेली नाही.