मेलमधली एक खरी ओळ

प्रिय उस्ताद,

फोन हाताशी असताना मास्तर कागद कशाला खरडतोय, असं म्हणशील. या महिन्यात दोनदा तुला फोन लावला, दोन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि ठेवून दिला. मेल तर मी आता कुणालाच पाठवत नाही. कागदाचं बरं असतं, तो एका वेळी एकाच घरी जातो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि शाळाही सातवीपुरतीच, तेव्हा चुका काढत बसू नकोस. शाळेने तुझ्याकडून पोरांच्या गाडीची चावी काढून घेतली, त्याबद्दल हे पत्र आहे. एकटा बसून वाच. वहिनींना सांगावंसं वाटलं तर नंतर सांग.

आधी घरचं सांगून टाकतो, म्हणजे ते एकदाचं संपेल. बायको बरी आहे, माझ्यावर ओरडते त्यावरून समजायचं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो मी स्वतः दुरुस्त केला, मग तो दोन ठिकाणी गळायला लागला. नात कॉलेजात जाते आणि घरी येऊन मला अक्कल शिकवते. मेलचं खूळ तिनेच लावलं. म्हणाली, आजोबा, रिकामे बसून आजीचं डोकं खाण्यापेक्षा हे बघा. मग डेपोतले सगळे जुने लोक त्यात सापडले. सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं आणि जो मेल येईल तो पुढे ढकलायचा. अमुक पाणी पिऊ नका, तमुक नंबरचा फोन उचलू नका, हे दहा जणांना पाठवा. मी वीस जणांना पाठवायचो. जन्मभर तेच केलं ना आपण. समोर हात आला की तिकीट फाडून द्यायचं, त्यावर काय छापलंय ते कोण वाचतो.

तर एके दिवशी तुझा फोटो आला. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या फाटकापाशी काढलेला, टोपी तिरकी, हातात ती भेट दिलेली छत्री. कुणीतरी तेव्हा नेटवर टाकला असेल, दुसऱ्या कुणीतरी उचलला. खाली लिहिलं होतं की या शूर ड्रायव्हरला उतारावर चालत्या गाडीत हृदयविकाराचा झटका आला, पण त्याने मरता मरता गाडी बाजूला घेऊन सगळ्या प्रवाशांचे जीव वाचवले. याला मान द्यायचा असेल तर सगळ्यांना पाठवा. मी कप खाली ठेवला. तो लवंडला, ते मला बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

आता मागे बघून बोलतो. त्या मेलमध्ये तारीख नव्हती. गावाचं नाव नव्हतं. तुझं नावसुद्धा नव्हतं, नुसता शूर ड्रायव्हर. शेजारी गाडीचा फोटो होता, तिचं स्टेअरिंग आपल्या गाड्यांच्या उलट्या बाजूला. मी आयुष्य बसच्या दारात उभा राहून काढलं आणि मला ते दिसलं नाही. बरं, तू शाळेची गाडी चालवतोस हे मला माहीत होतं, आणि मेलमधली गाडी लांब पल्ल्याची. तर मी मनाशी म्हटलं, कुणाच्या तरी बदली गेला असेल. खोट्याला ठिगळ मीच लावत होतो. फोटो तुझा होता ना, मग बाकी सगळं खरंच असणार.

बायको म्हणाली, आधी त्यांच्या घरी फोन करा. मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, माणूस गेलाय, घरात रडारड चालू असेल, त्यात आपण फोन वाजवायचा? मला गवगवा आवडत नाही हे तुला माहीत आहे. भेटायला जायचं तर चार दिवसांनी गुपचूप जावं, असं ठरवलं. आणि वहिनींना त्रास नको म्हणणारा हाच शहाणा, तासाभरात तो मेल माझ्याकडे जेवढे पत्ते होते तेवढ्यांना पाठवून मोकळा. नुसता पाठवला नाही. खाली माझे दोन शब्द लिहिले, एका बोटाने टाइप करत.

मग उत्तरं यायला लागली. तुम्ही भाग्यवान, अशा माणसाबरोबर काम केलंत. डोळे भरून आले, मास्तर. कधीकाळी आपल्याला ओव्हरटाइम नाकारणारा तो टाइमकीपर, त्यानेही लिहिलं. मी प्रत्येक उत्तर बायकोला वाचून दाखवलं. उस्ताद, तू मेला होतास आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहितो.

दुसऱ्या दिवशी तुझाच फोन. मास्तर, मी मेलो म्हणे, मला कळवायचं तरी. तू हसत होतास, म्हणालास, एवढा शूर होतो तर डेपोने एकदा तरी वेळेवर रजा द्यायची होती. मीही हसलो, रडलोही थोडा, ते तू सर्दी समजलास. मेल मीही पाठवला होता हे मी कबूल केलं. तू म्हणालास, तू नाही तर कोण पाठवणार, गाढवा. तिथे विषय संपला, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी नातीने मला समोर बसवलं, ती लहान असताना मी तिला पाढ्यांना बसवायचो तसं. आजोबा, तारीख कुठे आहे? गाव कुठे आहे? कुठल्या पेपरात आलं का? लोकांना पाठवा, पाठवा म्हणून मागे लागलेला मेल दिसला की आधी हात मागे घ्यायचा, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारायचं. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला कसं विचारणार? ती म्हणाली, म्हणून तर विचारायचं. मग तिने माझ्याकडून सगळ्यांना नवा मेल लिहून घेतला, की आधीचा मेल खोटा आहे, उस्ताद ठणठणीत आहे. त्याला तिघाचौघांनी उत्तर दिलं. जिवंत माणसात कुणाला फारसा रस नसतो. लिहिताना तिने विचारलं, तुम्ही खाली जे तुमचं लिहिलंय, तेही खोटं का? मी पाणी प्यायला उठलो.

त्यानंतर पंधरवड्याने तुझा दुसरा फोन आला आणि त्यात हसू नव्हतं. शाळेने बोलावून विचारलं, तुम्हाला पूर्वी गाडीवर असताना छातीत दुखलं होतं का. कुणा आईने मेल आणून दाखवला होता, तुला मात्र तो वाचायला दिला नाही. तपासणी होऊन कागद येईपर्यंत गाडी नाही म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यावरून तुला कळलं की कागद आला तरी नाही. तू म्हणालास, पोरं रोज विचारतात म्हणे, आमचे गाडीकाका कुठे गेले. सकाळी उठतो, बूट घालतो आणि काढून ठेवतो, असं म्हणालास.

ती जुनी गोष्ट आपल्या तिघांचीच होती. तू, मी आणि आपला मिस्त्री, पान्या. चढ संपल्यावर तू गाडी पेट्रोलपंपाशी घेतलीस आणि पायरीवर बसलास, तोंड राखेसारखं, शर्ट ओला. मी प्रवाशांना मागच्या गाडीत बसवून दिलं. पान्या दुरुस्तीची जीप घेऊन आला, त्याने तुझ्याकडे बघितलं आणि वहीत ब्रेकचा बिघाड लिहिला. नोकरी जायला नको म्हणून आपण तिघांनी तिथेच ठरवलं, हे कुठे बोलायचं नाही. तू बाहेरच्या बाहेर डॉक्टर केलास, गोळ्या घेतल्यास आणि नंतर किती वर्षं सरळ चालवलीस. आपण केलं ते बरोबर होतं का, हे मला आज सांगता येत नाही. शाळेचंही सगळं चुकलं असं म्हणवत नाही, पोरांची गाडी आहे. तू ती तपासणी करून घे. रुसून बसू नकोस, मी बरोबर येतो.

पण त्या फोनवर तू म्हणालास, हे पान्यानेच ओकलं, दुसऱ्या कुणाला माहीत होतं? आणि पुढे म्हणालास, तू तर मरशील पण सांगणार नाहीस. मी हं म्हटलं. उस्ताद, मी फक्त हं म्हटलं आणि तुझ्या गुडघ्याचं विचारलं.

काल पान्या आला होता. तुझी स्कूटर बघायला म्हणून तुझ्या घरी गेला, तर तू दारातच नको नको ते सुनावून परत पाठवलास, आत ये म्हटलं नाहीस. तो माझ्याकडे बसला, चहा प्यायला, नळाचा वॉशर बदलून दिला. जाताना चपला घालत खाली बघून म्हणाला, मास्तर, तुमचा मेल मलाही आला होता. एवढंच. म्हणजे दारात उभं राहून तुझं सगळं ऐकून घेताना त्याला माहीत होतं, आणि त्याने माझं नाव घेतलं नाही. म्हणून हे पत्र. त्या मेलच्या खाली मी लिहिलं होतं: मी याचा कंडक्टर. याला आधीही एकदा चालत्या गाडीवर छातीत कळ आली होती, तेव्हाही याने आधी गाडी बाजूला घेतली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझा मान वाढवायला लिहिलं, आणि माझाही. बाकीचा मेल खोटा आहे असं मी सगळ्यांना कळवू शकलो. ही ओळ खरी आहे, ती मला परत घेता येत नाही. पान्याने कुणाला काही सांगितलेलं नाही. पत्र खाली ठेव आणि आधी त्याला फोन कर. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव.

तू म्हणशील तोवर तुझाच,
मास्तर